रेस घेते, पण उचलत नाही

ऑटोमॅटिक गाडीचा मालक गॅरेजमध्ये येतो तेव्हा त्याची तक्रार बहुतेक वेळा दोन शब्दांची असते: पिकअप नाही. मॅन्युअल गाडीवाला याहून बरेच काही सांगतो. क्लच फार वर पकडतो, तिसऱ्याला गाडी ओढत नाही, चौथा टाकला की रेस वाढते पण गाडी तिथल्या तिथेच. हे त्याच्या डाव्या पायाला आणि डाव्या हाताला आधीच कळलेले असते. ऑटोमॅटिकने त्या दोघांना सुट्टी दिली आणि गिअरबॉक्सची हालहवाल कळायची वाटही बंद केली. मग गाडी चढाला दमली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गिअरबॉक्स गेल्याचा. पुढचा विचार अर्थातच खर्चाचा असतो.

प्रत्यक्षात पिकअप गेलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. दोष इंजिनात असतो, कधी चाकांत, कधी चक्क चालवणाऱ्याच्या पायात. तो कुठे आहे याचा निम्मा निवाडा गाडी न उघडता, डॅशबोर्डवरच्या दोन काट्यांकडे एकाच वेळी बघून करता येतो.

पहिला काटा इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, दुसरा वेगाचा. पेडल दाबल्यावर आरपीएम झपकन वर गेला, इंजिन ओरडू लागले, पण वेग हलेना, तर इंजिन ताकद देते आहे आणि ती वाटेत कुठेतरी सांडते आहे. याला स्लिप होणे म्हणतात, आणि ते गिअरबॉक्सचे किंवा क्लचचे लक्षण. उलट पेडल तळाला टेकवले तरी आरपीएम रांगतच वर चढत असेल, तर ताकदच तयार होत नाही आणि शोध इंजिनाच्या बाजूला घ्यायला हवा. तिसरीही एक शक्यता असते. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही ठीक, पण गाडीला कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटते. तिथे ब्रेक किंवा टायर तपासावे लागतात.

स्लिप होते की नाही हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, त्याचे साधे गणित आहे. एखाद्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांच्या फेऱ्या यांचे प्रमाण दातांच्या संख्येने पक्के ठरलेले असते. तुमच्या गाडीत गिअर हाताने धरून ठेवायची सोय असेल, म्हणजे एम किंवा अधिक-उणे अशी खूण असेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसरा गिअर धरा. समजा २,००० आरपीएमला वेग ४० आला. मग ३,०००ला तो ६०च्या आसपास असायला हवा. ३,००० झाले आणि वेग अजून ४५वरच अडकलेला असेल, तर क्लच किंवा आतल्या प्लेट सरकताहेत, आणि तुमच्याकडे पुरावा आहे. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर दोन्ही काट्यांचे चित्रण करायला सांगा. ‘कधीकधी असे होते’ हे वाक्य ऐकून मेकॅनिकला काहीच करता येत नाही, पण वीस सेकंदांच्या चित्रणावर त्याला बरेच ठरवता येते. हे करताना मागून ट्रक येत नाही ना हे आधी बघा, आणि चालवणाऱ्याने डोळे रस्त्यावरच ठेवावेत.

मात्र गणित लावण्याआधी आपल्या गाडीत कोणत्या जातीचा ऑटोमॅटिक आहे हे माहीत हवे. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात, आणि एकाला जो आजार तो दुसऱ्याचा स्वभाव असू शकतो. शोरूममध्ये हे कोणी नीट सांगत नाही, हे मला नेहमी खटकते.

सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. १९०५ साली जर्मनीत हेर्मान फ्योटिंगरने याच्या मुळाशी असलेल्या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनाला जोडलेली पाती तेलाला फेकतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवते, आणि मधली स्टेटर नावाची पाती परतीच्या तेलाला अशी दिशा देतात की गाडी सुटताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. इंजिन आणि गिअर यांच्यात सुरुवातीला फक्त तेल असते, त्यामुळे गाडी सुटताना आरपीएम जरा पुढे पळतो आणि वेग मागून येतो. हे ठरल्याप्रमाणेच आहे. वेग आल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि मग आपले गणित लागू होते. इथे एक सुंदर निदान दडलेले आहे. स्टेटरच्या आत एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. तो निकामी होऊन स्टेटर दोन्हीकडे सैल फिरू लागला, तर सुटतानाचा दुप्पट जोर नाहीसा होतो: गाडी सिग्नलवरून मेल्यासारखी निघते, पण हायवेला लागली की तक्रार उरत नाही. तोच स्टेटर जाम झाला तर उलटे घडते. सुटते छान, पण वेग घेत नाही आणि तेल तापते.

दुसरा प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने तो आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. खरे तर ही मॅन्युअल गाडीच. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट; फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा. गिअर बदलताना ती क्षणभर इंजिनाचा जोर तोडते, म्हणून गाडी मान टाकल्यासारखी वाटते. नव्या मालकांची ‘पिकअप नाही’ ही तक्रार पुष्कळदा याच क्षणाची असते आणि तिच्यावर औषध नाही. गिअर बदलायच्या बेताला पेडल किंचित सैल करायची सवय तेवढी लावून घ्यावी. पण एएमटीची क्लच प्लेट झिजते, आणि मॅन्युअलपेक्षा लवकर झिजू शकते, कारण ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा ती अर्धवट पकडलेल्या क्लचवरच सरकत असते. चढावरच्या सिग्नलला ब्रेक न लावता पेडलवर गाडी तोलून धरणारे लोक ही प्लेट अक्षरशः जाळत असतात. तो वास एकदा आला की विसरता येत नाही. प्लेट बदलल्यावर संगणकाला नवा क्लच कुठे पकडतो हे स्कॅनर लावून शिकवावे लागते. ते न करता गाडी दिली, तर नव्या क्लचची गाडी आधीपेक्षाही वाईट चालते आणि बोलणी बिचाऱ्या प्लेटला बसतात.

तिसरा प्रकार सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. पुलींच्या बाजू जवळ-दूर होतात तसे प्रमाण सलग बदलत जाते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची अशी मोटार लोकांपुढे आणली. जोरात पेडल दाबले की सीव्हीटी आधी इंजिनाला जोराच्या फेऱ्यांवर नेऊन बसवते आणि मग वेगाला हळूहळू तिथवर आणते. आवाज पुढे, गाडी मागे. दोन काट्यांची परीक्षा इथे सरसकट लावली तर चांगली गाडीही आजारी ठरेल. पुष्कळ सीव्हीटी गाड्यांत खोट्या पायऱ्यांचा मॅन्युअल मोड असतो, तो लावून बघा. पायरी एकच असताना काटा वरखाली डुलत असेल, गाडी थरथरत सुटत असेल किंवा नवा घरघराट येत असेल, तर मात्र दुर्लक्ष नको. पट्टा सरकायला लागला की पुलीवर चरे पडतात, आणि पुढचा खर्च मोठा असतो.

चौथा डीसीटी: एक, तीन, पाचसाठी एक क्लच आणि दोन, चार, सहासाठी दुसरा. हा चारांतला सर्वांत चपळ गडी, पण ज्यांत हे क्लच कोरडे असतात त्या गाड्यांना रांगणाऱ्या ट्रॅफिकचा जाच होतो. क्लच तापले की संगणक स्वतःहून जोर कमी करतो आणि पडद्यावर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना येते. अशा वेळी बाजूला थांबून, पी लावून, गाडी निवू द्यावी.

आता पायाकडे वळू. मॅन्युअलवरून आलेल्या माणसाचा डावा पाय ऑटोमॅटिकमध्ये बेकार होतो आणि बेकार माणसासारखा नको तिथे जाऊन बसतो, म्हणजे ब्रेकवर. हलकासा दाब पडत राहतो, मागचे लाल दिवे जळत राहतात आणि गाडी स्वतःच्याच ब्रेकशी भांडत चालते. यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत २००९ साली पायपुसणीत ॲक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळे टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यानंतर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर इंजिनाचा जोर तोडायचा, ही व्यवस्था बऱ्याच गाड्यांत आली. म्हणजे डावा पाय ब्रेकवर टेकलेला असेल तर उजव्याने कितीही दाबा, गाडी जाणूनबुजून ऐकणार नाही. ब्रेकचा स्विच बिघडून ब्रेक दाबल्याची खोटी बातमी देत असेल तरी हेच घडू शकते. म्हणून कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करून, पाय काढल्यावर ब्रेकचे दिवे विझतात ना हे बघावे. आणि पायपुसणीही बघावी. पेडलवर चढून ते दाबून ठेवणारी पायपुसणी प्राणघातक, हे लोकांना माहीत असते. पेडलच्या खाली घुसून ते पूर्ण दाबूच न देणारी पायपुसणी नुसती गाडीला अशक्त करते आणि महिनोन्महिने सापडत नाही. जाड, चकचकीत, बाजारातून आणलेले थर यात पुढे असतात. ऑटोमॅटिकला तर तळापर्यंतचा दाब लागतोच, कारण पेडल पुरते दाबल्यावरच गिअरबॉक्स दोन-दोन गिअर खाली उतरून ओव्हरटेकचा जोर देतो.

चाकांचे दुखणे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. चार-पाच किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक लावत गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, रिमला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले असेल तर त्याचा ब्रेक चिकटला आहे. कोकणात पावसाळाभर उभ्या असलेल्या गाड्यांचे कॅलिपर असे गंजून धरतात.

आरपीएमच चढत नसेल तर इंजिनाला हवा, इंधन, ठिणगी यांतले काहीतरी कमी पडते आहे. एअर फिल्टर आधी काढून बघा, हे काम तुम्हीही करू शकता. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने केलेल्या चाचण्यांत आजच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने मायलेज फारसे बदलले नाही, पण नवा फिल्टर घातल्यावर वेग घेण्याचा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. म्हणजे मायलेज ठीक आहे म्हणून फिल्टर ठीक आहे असे मानता येत नाही. मग हवा मोजणारा सेन्सर, थ्रॉटलवरची काजळी, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंधनाचा पंप. टर्बोवाल्या गाडीत पेडल दाबताना फुस्स असा नवा आवाज येत असेल तर पाइप निसटला किंवा फाटला आहे. एखादी सैल क्लिप सगळा टर्बो निकामी करते. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर येतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात, हेही मेकॅनिकच्या आधी तुम्हालाच दिसू शकते.

एका दिव्याबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. चेक इंजिनचा दिवा सतत पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर बहुधा एखादा सिलिंडर पेट घेत नाही आणि त्यातले न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. त्या आगीत कन्व्हर्टरची आतली जाळी वितळते आणि धुराची वाट बुजते. मग कोणाचे नाक दाबून त्याला धावायला लावावे तशी इंजिनाची गत होते: हळू चालवताना काही कळत नाही, रेस वाढवली की जीव गुदमरतो. काही शे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष असे कित्येक हजारांच्या सुट्या भागापर्यंत पोचते.

डिझेल ऑटोमॅटिक घेऊन ती फक्त शहरात फिरवणाऱ्यांचे दुखणे वेगळे. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासून डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. अडकलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि ती घर ते ऑफिस, ऑफिस ते घर अशा फेऱ्यांत मिळत नाही. फिल्टर भरत गेला की संगणक ताकद कापतो. सूचना दिसताच हायवेला लागून पंधरा-वीस मिनिटे एकसारखा वेग धरला, तर बहुतेकदा प्रश्न सुटतो. तिकडे काणाडोळा केला तर सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. टर्बो नसलेले इंजिन तिथे जवळपास तेवढेच अशक्त होणार, एसी लावून पाच माणसे बसवली तर आणखी. सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. इको मोड चालू राहिला तर पेडलचा प्रतिसाद मुद्दाम मंद केलेला असतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर सध्या पिकअपचे खापर फोडले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरे, पण आजचे इंजिन ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून इंधन जास्त सोडून भरपाई करते. त्यामुळे मायलेज घटल्याची तक्रार रास्त आहे, पिकअप अचानक गेल्याचे कारण मात्र दुसरीकडे शोधावे.

आता सर्वांत घाबरवणारी अवस्था. गाडी एकाएकी जडशीळ होते, सुटताना कण्हते, गिअर बदलत नाही, काटा ठरावीक आकड्यापुढे जात नाही. हा लिम्प मोड. सेन्सरच्या आकड्यांत काही विसंगत दिसले की संगणक यंत्र वाचवायला गिअरबॉक्सला एकाच गिअरमध्ये, अनेकदा तिसऱ्यात, बसवतो आणि इंजिनाला लगाम घालतो. गाडी बंद करून चालू केली की काही वेळा सगळे सुरळीत होते, आणि म्हणून मालक आठवडेच्या आठवडे हाच उपाय करत राहतात. बॅटरीची तार काढून दिवा घालवणारेही भेटतात. त्यात बिघाडाची नोंदच पुसली जाऊ शकते, म्हणजे चोराने सोडलेले ठसे आपणच धुवायचे.

स्टीअरिंगच्या खालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की नोंद वाचता येते. पी-०३०० म्हणजे सिलिंडर चुकताहेत, पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी-०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण चुकते आहे, तेच आपले दोन काट्यांचे गणित. पी-०७०० एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार आहे, ती त्याच्याकडून वाचून घ्या. म्हणून केवळ पी-०७०० दाखवून गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय कोड म्हणजे निकाल नव्हे. सेन्सर वाईट आहे असा कोड आला तरी अनेकदा दोष त्याच्या वायरीत किंवा ओल्या कनेक्टरमध्ये असतो.

स्लिप सिद्ध झाली तरी गिअरबॉक्स उघडण्याआधी त्याचे तेल बघायचे. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल नवे असताना बहुधा लाल असते. ते काळपट झाले, जळका वास आला, तर आतल्या प्लेट घासल्या आहेत. पातळी कमी असेल तर दाब कमी पडतो आणि प्लेट सरकतात; अशा वेळी गळती शोधून तेल भरल्यावर गाडी पूर्ववत झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. ही पातळी बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना मोजतात. थंड गाडीत काढलेला आकडा फसवतो. सीव्हीटीचे तेल निराळे, डीसीटीचे निराळे. ‘सगळ्यांना चालते’ असे म्हणणारा डबा दूरच ठेवा. आणि ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ हा दावा कागदावर ठीक आहे. आपल्या उन्हात, घाटात आणि ट्रॅफिकमध्ये ते आयुष्य कोणाचे, तेलाचे की गिअरबॉक्सचे, असा प्रश्न पडतो. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळे अंतर दिलेले असते. आपला वापर बहुधा त्याच रकान्यातला असतो.

एक परीक्षा मात्र घरी करू नका. ब्रेक दाबून, डी लावून, पेडल तळापर्यंत दाबायचे आणि आरपीएम कुठे अडतो ते बघायचे, अशी स्टॉल टेस्ट असते. काटा कंपनीच्या आकड्याच्या वर गेला तर गिअरबॉक्स सरकतो, बराच खाली राहिला तर इंजिन किंवा स्टेटर अशक्त. ती फक्त टॉर्क कन्व्हर्टरसाठी आहे आणि पाच सेकंदांच्या आत संपवायची असते, कारण इंजिनाची सगळी ताकद तेव्हा तेल तापवण्यात जाते. ब्रेकने दगा दिला तर समोरच्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको. डीसीटी किंवा एएमटीवर ही करामत केली तर क्लच तिथेच जाऊ शकतो.

गॅरेजमध्ये जाताना चित्रण सोबत न्या, गाडी थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, चढावर की सपाटीला, हे कागदावर लिहून न्या, आणि स्कॅनरवर आलेले कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो मागून घ्या. ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे कोणी म्हणाले तर शांतपणे विचारा की तेल पाहिले का, ब्रेकचा स्विच पाहिला का, स्लिप मोजली का. या तिन्हींची उत्तरे आकड्यांत आल्याशिवाय कामाच्या कागदावर सही करू नका.